ढिगाचा श्वास

सकाळ आहे. गॅलरीत या. घाई नको.

कोपऱ्यात एक डबा आहे, बाजूंना भोकं पाडलेला. त्याच्याजवळ बसा. जमेल तसं.

झाकण अजून काढू नका. एक श्वास घ्या. सोडा.

आता झाकण उचला.

किंचित वाफ वर येते. दिसते न दिसते. ती विरेपर्यंत पाहत राहा.

वर सुकी पानं आहेत. त्यांच्याखाली कालच्या मेथीच्या काड्या, केळ्याची साल, चहाचा चोथा. त्याहून खाली काय होतं, ते ओळखू येत नाही. ओळखायची गरजही नाही. नुसतं पाहा.

तळहात ढिगावर ठेवा. राहू द्या तिथेच.

कोमट लागतं. या डब्याखाली चूल नाही. ही ऊब डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य जिवांची आहे. ते खातात, श्वास घेतात, ऊब सोडतात. मोठ्या ढिगात ती 60 अंशांपर्यंतही जाते. इथे ती तुमच्या हाताला सोसवेल एवढीच आहे.

त्यांना हवा लागते. तुम्हाला लागते तशीच.

श्वास घ्या. तेही घेतायत.

चेंबूरच्या या गॅलरीपासून देवनारचा डोंगर फार लांब नाही. मुंबईचा कचरा तिथे 1927 पासून पडत आला. तोही याच सालींचा, याच देठांचा. पण तिथे थरावर थर दाबला जातो, पिशव्यांच्या गाठी तशाच राहतात. आत हवा पोचत नाही. हवेवाचून कुजणारं अन्न मिथेन सोडतं. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो. तो पेटही घेतो.

जानेवारी 2016 मध्ये डोंगर पेटला. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. पायथ्याच्या पत्र्याच्या घरांत लहान मुलं होती. तो धूर त्यांच्या छातीत गेला. मला ते विसरता येत नाही.

आता क्षणभर श्वास रोखून धरा.

आत काय होतं, पाहा.

सोडा.

खुरपं घ्या. ढीग हलक्या हाताने खालीवर करा. सालीखालून साल मोकळी होते. कुठे आंबूस, उग्र वास आला तर तिथे जीव कोंडला आहे. मूठभर सुकी पानं घाला. थांबा. हवा आपली वाट शोधते.

तळाशी काळसर, भुसभुशीत काही लागतं. त्यातलं चिमूटभर बोटांवर घ्या. दोनेक महिन्यांपूर्वी ते तुमच्या ताटाच्या कडेला होतं.

नाकाशी न्या. डोळे मिटा.

पहिल्या पावसाचा वास. खरोखर तोच, पाऊस पडल्यावर जमिनीतले जे सूक्ष्मजीव दरवळतात, त्यांच्याच जातीचे जीव इथेही राहतात.

पुन्हा एकदा घ्या तो वास. सावकाश.

ती चिमूट ढिगावर परत ठेवा. विरजण असतं तशी ती नव्या सालींत मिसळेल.

खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी येते आहे. येऊ द्या. तुम्ही बसून राहा. हात अजून कोमट आहे.

उठाल तेव्हा झाकण ठेवा. किंचित तिरकं, फट राहील असं.