चारचौघांतली कानउघाडणी

गेल्या मे महिन्यात पुण्याहून भाचा सुट्टीला आला होता. रात्री जेवणे आटोपली की तो टीव्हीवर एक इंग्रजी कार्यक्रम लावी. पहिल्या दिवशी मी नाक मुरडले. तिसऱ्या रात्री मीच विचारले, "आज नाही का रे ते हॉटेलवाले?"

कार्यक्रमाचे नाव 'किचन नाइटमेअर्स'. २००४ साली ब्रिटनच्या चॅनेल फोरवर तो सुरू झाला आणि २००७ पासून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. गॉर्डन रॅम्से हा नामांकित बल्लवाचार्य डबघाईला आलेल्या हॉटेलात जातो, घास तोंडात घालून थुंकतो, भटारखान्यातला फ्रीज उघडून नासलेले मांस मालकाच्या नाकापुढे धरतो. मालक आधी भांडतो, मग रडतो. शेवटी पदार्थांची यादी आटोपशीर होते, भिंतींना रंग लागतो, गिऱ्हाईक येते.

यात वावगे काय? मालकानेच त्याला बोलावलेले असते. शिळे अन्न वाढणे हा काही खासगी दोष नव्हे. त्याने गिऱ्हाईक आजारी पडू शकते. अशा वेळी मिठ्ठास बोलणे म्हणजे पापात वाटेकरी होणे. हे सारे मला मान्य आहे.

तरीही एक प्रश्न सुटत नाही. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाने दिलेली संमती कितपत संमती म्हणायची? आणि सुधारणेला दोघे पुरे असताना तिसरा, म्हणजे मी, सोफ्यावर कशासाठी बसलेला असतो? मी काही आमटी शिकायला बसलो नव्हतो. मालक कधी रडतो याची वाट पाहत होतो.

२०१३ साली अॅरिझोनातल्या एका जोडप्यापुढे रॅम्सेने हात टेकले आणि काम अर्धवट सोडून तो निघून गेला. त्यानंतर जगभरच्या अनोळखी लोकांनी त्या जोडप्याची यथेच्छ टवाळी केली. त्या लोकांपैकी कितीजणांनी तिथला एक घास तरी खाल्ला असेल? २०१५ साली ते हॉटेल बंद झाले. मदत मिळालेली इतरही अनेक हॉटेले पुढे बंद पडली. त्याचा दोष कार्यक्रमाला देणे रास्त नाही. नव्या खुर्च्यांनी जुने कर्ज फिटत नसते. पण चव्हाट्यावर आलेली अब्रू मात्र परत घरात जात नाही.

हे लिहिताना माझा हात अडखळतो, कारण कॅमेरा नसला तरी प्रार्थनेची रांग माझ्याकडेही होती. वीसेक वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने गाइडातला निबंध जसाच्या तसा उतरवला होता. मी तो सर्वांसमोर, चुकांसकट, नाटकी आवाजात वाचला. शाळा खदखदून हसली. पुढे त्या मुलाच्या वह्या नीटनेटक्या झाल्या आणि आपली मात्रा लागू पडली म्हणून मी खूष झालो.

अलीकडे तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. पाया पडला, चहा घेतला. जाता जाता हसत म्हणाला, "सर, त्या दिवसानंतर मी वर्गात एकदाही शंका विचारली नाही." त्याच्या मनात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य जास्त लागले.

आता मी मुलाला खोलीत बोलावतो. सर मवाळ झाले, असे पालक म्हणतात. एकाला ठेच लागली की दुसरा शहाणा होतो, ही त्यांची बाजूही खोटी नाही. तरी मला वाटते, ज्या दोषाने इतरांना अपाय होतो तो उघड सांगावा. पण माणसाचे रडू उघड करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. रॅम्सेचे मोठेपण त्याच्या ओरडण्यात नाही, नंतर अॅप्रन बांधून त्या स्वयंपाक्याशेजारी चुलीपाशी उभे राहण्यात आहे. तो भाग फार थोडा दाखवतात.

परवा आमच्या कोपऱ्यावरच्या खानावळीत सारात मीठ जास्त पडले होते. पंगतीत काही बोललो नाही. गल्ल्यावर पैसे देताना मालकाला हळूच कन्नडमधून सांगितले. त्याने आत जाऊन चव घेतली आणि पातेले उतरवले.