देवाशी भांडलं तर चालतं का?

शंका : सप्टेंबर २०२५ च्या पावसात मांजरेचं पाणी शेतात शिरलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. वर सावकाराचं देणं. मालक रात्र रात्र ओट्यावर बसून असतात. परवा प्रार्थनेत माझ्या तोंडून निघून गेलं, “देवा, तू झोपलास का?” तेव्हापासून मंडळीतल्या एक बाई म्हणतात, तुमचा विश्वास डळमळला. हे पाप झालं का?
— एक भगिनी, निलंगा तालुका

समाधान : भगिनी, पाप झालं नाही. ४४व्या स्तोत्रात कोरहाचे वंशज देवाला नेमकं हेच विचारतात. ८८वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, तरी ते कुणी बायबलमधून काढलं नाही. गालीलच्या वादळात शिष्यांनी झोपलेल्या येशूला हलवून उठवलं आणि आमची काळजी नाही का, असं सुनावलं. मार्क सांगतो, प्रभूनं आधी वारा शांत केला. त्यांच्या विश्वासाबद्दल बोलला तो नंतर. तुमच्या मंडळीनंही हाच क्रम पाळावा.

ज्याच्याशी नातं तुटलं, त्याच्याशी माणूस भांडत बसत नाही, बोलणंच टाकतो. तुम्ही अजून बोलता आहात.

मालकांचं मात्र मनावर घ्या. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. त्यांना ताटावर बसवा, रात्री एकटं सोडू नका. बोलणं मरणाकडे वळत असेल, तर पाळकांना सांगाच, पण त्याच दिवशी डॉक्टरांनाही गाठा.

शंका : किल्लारीच्या भूकंपात माझे चुलते गेले. ती पापाची शिक्षा होती, असं आजही कुणी कुणी म्हणतं. काय उत्तर द्यावं?
— एक वाचक, लातूर

समाधान : शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा लोकांच्या मनात हेच होतं. ते अठरा जण यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, असं येशूनं स्पष्ट सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणेश विसर्जन आटोपून माणसं गाढ झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद त्यांच्या अंगावर आलं. सुमारे दहा हजार जीव गेले. भिंत कोसळताना आतल्या माणसाचं पाप-पुण्य मोजत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानं बसले, तोवर ठीक होतं. कारणं सांगू लागले आणि चुकले. हे सगळं का घडलं, ते मलाही सांगता येत नाही. रडणाऱ्याजवळ बसता येतं, तेवढं करावं.

शंका : देवावर भरवसा ठेवायचा, तर पीकविमा कशाला? पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणं हा अविश्वास नव्हे का?
— एक शेतकरी, मुखेड

समाधान : दादा, योसेफानं सुकाळाच्या सात वर्षांत मिसरची कोठारं भरली. त्याला कुणी अविश्वासू म्हटलं नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आईवडील गमावले, पुढं लग्नाला दोन वर्षं होण्याआधी पती गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाई उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावात त्यांचा सांभाळ केला. तिथं गुडघे टेकून प्रार्थना झाली, तशा विहिरीही खोदल्या गेल्या. पाणी देवाचंच, पण पोहरा आपण सोडायचा असतो.

तेव्हा विमा काढा, तलाठ्याकडे जा, हक्काचं मागा. फक्त पंचनाम्यात नुकसान दोन एकरांचं असेल, तर चार लिहायला सांगू नका. “सगळेच लिहितात” असं शेजारी म्हणतील, घरात पैशाची निकड असेल आणि तलाठ्याचं पेन कागदावर टेकलेलं असेल. त्या घडीला “दोनच लिहा” म्हणणं जड जातं. भरवसा तिथं कळतो.