ओळ संपली की

झिपऱ्या लोकरीचा मफलर हातात घेऊन पाहा. टाका शोधून सापडत नाही. सगळीकडे नुसते मऊ केस. या लोकरीत मधून एक बारीक दोरा जातो आणि त्याला पापण्यांसारखे आखूड तंतू फुटलेले असतात. लोकर आपण सवयीने म्हणतो. बहुतेक वेळा हे पॉलिएस्टर असतं, म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवायची नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत अशा मफलरांची मोठी लाट आली होती. लायन ब्रँड ही तिथली १८७८ सालापासूनची जुनी कंपनी. तिच्या ‘फन फर’ लोकरीचे गुंडे घेऊन कितीतरी जणी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच विणायला बसल्या. मला त्या लाटेचं कौतुक वाटतं, कारण ही लोकर नवख्या हाताला घाबरवत नाही. नक्षी नको, उलट टाका नको. सगळ्या ओळी सुलट विणत जायचं. एक ओळ सुलट आणि एक उलट घेतली तर कडा गुंडाळतात आणि केसही एकाच बाजूला जास्त येतात. सगळ्या ओळी सुलट असल्या की मफलर सपाट राहतो आणि दोन्हीकडून सारखाच केसाळ दिसतो. शोभा आणायचं काम लोकरच करते.

पण त्या बदल्यात ती एक गोष्ट मागते. डोळ्यांना टाका दिसत नाही, तेव्हा तो बोटांनी पाहावा लागतो. साध्या लोकरीत चूक झाली की लगेच नजरेला टोचते. इथे केस तिच्यावर पांघरूण घालतात. सुई दोऱ्यात न जाता मधेच केसांत शिरते आणि एक टाका वाढतो. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली, तर कडेचा एकच टाका दोन टाक्यांसारखा दिसतो. आपण दोन्ही विणून मोकळे होतो. कधी एखादा टाका सुटतो आणि केसांत अडकून तिथेच बसून राहतो. त्या वेळी काहीच कळत नाही. वीतभर विणून झाल्यावर लक्षात येतं, की १५ टाक्यांचा मफलर १९ टाक्यांचा झालाय. उसवायला जावं, तर तंतू एकमेकांत इतके गुंतलेले की दोरा मागे येत नाही. मोहेरसारखी केसाळ लोकर उसवण्याआधी काही जणी विणकाम पिशवीत घालून थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे तंतूंची पकड जरा सैल होते म्हणे. त्यापेक्षा जाणत्या बायकांची एक साधी सवय बरी. ओळ संपली की विणकाम लगेच उलटं फिरवायचं नाही. बोटाने एकेक टाका पुढे सरकवत मोजायचं. भरले पंधरा? मग पुढची ओळ. वेळ लागतो तो दोन श्वासांचा. एखादा जास्त निघाला तरी बिघडत नाही. पुढच्या ओळीत दोन टाके एकत्र विणले की संख्या जागेवर येते, आणि ते कुठे एकत्र विणले ते नंतर विणणारीलाही सापडत नाही. चूक झाकणारी लोकर दुरुस्तीही तितक्याच मायेने झाकते. फक्त दुरुस्ती वेळेवर व्हायला हवी.

आपला दिवसही असाच झिपरा असतो. डबे भरून होतात तोच बसची वेळ होते. एक फोन ठेवता ठेवता दुसरा वाजतो. त्या गडबडीत काय वाढलं, काय सुटलं ते दिसत नाही. सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठी पर्समध्येच राहते. ऑफिसातल्या नव्या मुलीला ‘सांगते हं’ म्हटलेलं असतं, ते सांगायचं राहतं. मुलाने सकाळी बूट घालताना काहीतरी विचारलेलं असतं, त्याला ‘थांब रे’ म्हणून आपण जिना उतरलेलो असतो. यात कुणाची माया कमी पडलेली नसते. एक ओळ संपली आणि मोजायच्या आतच दुसरी सुरू झाली, इतकंच. म्हणून दार ओढून घेण्याआधी, संगणकावरचं एक काम बंद करून दुसरं उघडण्याआधी, शाळेतल्या एका तासावरून दुसऱ्या तासाला जाण्याआधी दोन श्वास थांबून पाहावं. आत्ता जे संपलं, त्यात कोण होतं? कुणाला काय द्यायचं होतं? ते पोचलं का? हे मोजताना स्वतःला रागवायचं नाही. टाके मोजणाऱ्या बाईच्या कपाळावर आठी नसते. ती आपलं काम एकदा बोटांखालून फिरवून घेत असते. सकाळी राहिलेलं उत्तर दुपारच्या सुट्टीत एका फोनवर देता येतं. तेच आठ दिवस राहिलं, तर मूल विचारायचंच सोडून देतं. सांभाळायचं आहे ते हे एवढंसं अंतर. आज निघताना एखाद्या तरी ओळीच्या शेवटी असं थांबून पाहा. दोनदा राहून गेलं तर तिसऱ्यांदा थांबा. बोटांना सवय लागायला थोडे दिवस लागतातच.

आणि हे वाचून कुणाला खरोखरच सुया हातात घ्याव्याशा वाटल्या तर फारच छान. नाशिक-पुण्याकडच्या पहाटेच्या थंडीत, सकाळच्या पाळीला जाणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात हा मफलर हमखास शोभेल. पहिल्या वेळी काळी लोकर घेऊ नका. फिक्या रंगात दोरा निदान थोडा तरी दिसतो. झिपऱ्या लोकरीला त्याच रंगाच्या साध्या लोकरीची जोड द्या आणि दोन्ही धागे एकत्र धरून विणा. साधा धागा बोटांना चटकन लागतो आणि मफलरला अंगही येतं. सुया जाड हव्यात, म्हणजे केसांना मोकळं व्हायला जागा मिळते. अमेरिकेतल्या लेकीकडून सुया मागवणार असाल, तर नंबर न सांगता मिलिमीटर सांगा. आपल्याकडची १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तिकडची १० नंबरची चक्क ६ मिलिमीटरची. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, तिकडे जाड होत जाते. टाके १२ ते १५ पुरतात. लांबी पाच फूट झाली की गळ्याभोवती एक वेढा घेऊन दोन्ही टोकं पुढे सोडता येतात. आत दबलेले केस सुईच्या टोकाने हलकेच बाहेर काढा. शेवटी टाके बंद करताना हात सैल ठेवा. घट्ट बंद केले तर तेवढंच टोक आवळतं आणि दुसऱ्या टोकापेक्षा अरुंद दिसतं.