किरण, शंका आणि प्रामाण्य

लाकूड किंवा ॲक्रिलिक कापणाऱ्या लेसर यंत्रातला मायक्रोकंट्रोलर मध्येच अडकला, तर त्याची कुठे वाच्यता होत नाही. त्याच्या पिनवर त्या क्षणी जो व्होल्टेज असेल तो तसाच राहतो. पिन ‘चालू’ असेल तर यंत्राचं डोकं जागीच थांबतं, किरण मात्र सुरूच राहतो, आणि थोड्याच वेळात तिथलं लाकूड पेट घेतं. लेसर शोमध्ये आरसे सतत फिरत असल्यामुळे किरण कुठेच रेंगाळत नाही. आरसे थांबले की सगळी शक्ती एका जागी पडते, आणि ती जागा प्रेक्षकाचा डोळा असू शकते. डोळ्याचं भिंग तो किरण दृष्टिपटलावर एकवटतं, तेव्हा त्याची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. १ मिलिवॅटच्या किरणापासून तेवढ्यात बचाव होतो, पण ५०० मिलिवॅटच्या वरच्या, म्हणजे चौथ्या वर्गातल्या लेसरपुढे पापणीचा उपयोग नाही.

म्हणून अशा यंत्रांना वॉचडॉग टायमर जोडतात. नियंत्रकाकडून ठरलेल्या मुदतीत पल्स आली की त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पल्स चुकली की रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, सुटतो आणि लेसरची वीज तुटते. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनचा दांड्यावरचा हात सुटला की ब्रेक लागतात, तेही याच तत्त्वावर. बिघाडाची बातमी येण्याची वाट इथे कोणी पाहत नाही. सगळं ठीक असल्याची खूण आली नाही, एवढं कारण पुरतं.

खूण नसेल तोवर काय मानायचं, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं लढवला आहे. १४व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात त्यावरच्या चार भूमिका एकत्र सापडतात. मीमांसक म्हणतात, ज्ञान उपजतच खरं असतं, ते खोटं ठरवायला बाहेरून बाधक कारण यावं लागतं. नैयायिकांच्या मते खरेपणा आणि खोटेपणा दोन्ही बाहेरूनच ठरतात. सांख्यांच्या मते दोन्ही ज्ञानातच असतात. चौथी भूमिका हा ग्रंथ बौद्धांच्या नावावर मांडतो: ज्ञान मुळात अप्रमाण, त्याला प्रामाण्य मिळतं ते बाहेरून. वॉचडॉग अगदी या चौथ्या पंगतीत बसतो.

रोजच्या जगण्यात मीमांसकांचंच बरोबर आहे. रस्ता सांगणाऱ्या प्रत्येकाकडे पुरावा मागत बसलं तर माणूस घराबाहेर पडणार नाही. पण रस्ता चुकला तर पायपीट विश्वास ठेवणाऱ्यालाच होते. लेसरवर विश्वास टाकतो यंत्र चालवणारा, आणि डोळा जातो दुसऱ्याचा. जोखीम परक्याच्या अंगावर पडणार असेल तिथे आधी विश्वास ठेवून मागून शंका घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रामाण्याचा वाद इथे नीतीचा होतो.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने हे फार क्रूरपणे दाखवलं. ते लेसर नव्हतं, इलेक्ट्रॉनचा झोत आणि क्ष-किरण वापरणारं यंत्र होतं. आधीच्या थेरॅक-२० मध्ये सॉफ्टवेअर चुकलं तरी झोत अडवणारे स्वतंत्र इंटरलॉक होते. नव्या यंत्रात ते काढून सॉफ्टवेअरवरच भिस्त ठेवली गेली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा मिळाली, काहींचा त्यात जीव गेला. टेक्सासमध्ये पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं, आणि एक कळ दाबून उपचार पुढे चालू करता येत होता.

मात्र खूण मागितली म्हणजे काम झालं, असंही नाही. नवशिक्या प्रोग्रॅमरकडून एक चूक हमखास होते: पल्स टायमर इंटरप्टमधून, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमची पर्वा न करता ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या तुकड्यातून, पाठवायची. मुख्य प्रोग्रॅम केव्हाच अडकलेला असतो, पल्स मात्र वेळेवर जात राहते. मन भलतीकडे असताना बोटांनी पुढे सरकणाऱ्या जपमाळेसारखं हे आहे. वात्स्यायनाने ‘न्यायभाष्या’च्या आरंभीच खरेपणाची कसोटी प्रवृत्तीच्या यशात शोधली. पुढच्या नैयायिकांच्या आवडत्या उदाहरणात सांगायचं, तर पाणी दिसलं एवढ्यावर भागत नाही, तहान भागली पाहिजे, मृगजळही दिसतंच. त्या न्यायाने पल्स निघायला हवी ती आरसा खरोखर हलला, थंड करणारं पाणी वाहतंय, झाकण बंद आहे, हे प्रत्येक फेरीत तपासून झाल्यावरच.

मग या राखणदारावर कोण नजर ठेवणार? मीमांसक कुमारिल भट्टाने सातव्या शतकात हाच आक्षेप घेतला होता. एका ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला लागला, तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल, आणि ही अनवस्था कुठेच थांबणार नाही. शंकांच्या अशाच साखळीला नैयायिक उदयनाने दिलेलं उत्तर व्यवहारातलं होतं: शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी ती विसंगत ठरू लागली की तिथे ती थांबते. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, त्याला विस्तवाने धूर होतो का, ही शंका शोभत नाही. सर्किट बनवणाऱ्यांनी आणखी एक वाट काढली. पल्स कपॅसिटरमधून नेऊन त्याच विजेवर रिले धरून ठेवायचा. मग पिन वर अडकली किंवा खाली अडकली, तरी कपॅसिटरपलीकडे काही पोचत नाही आणि रिले सुटतो. रिलेचे संपर्क वितळून चिकटू शकतात, म्हणून दोन रिले एकामागोमाग जोडतात. आणि यंत्र सुरू करताना, लेसर पेटवण्याआधी, नियंत्रक मुद्दाम पल्स रोखतो, वीज खरंच तुटली का ते मोजतो, आणि तुटली नसेल तर यंत्र सुरूच होऊ देत नाही.