बिल कोण भरतं?

माझा जिल्हा वर्धा. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्या पुण्याईवर इथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे लिव्हरपूलची मॅच बघायला गेलो तेव्हा ॲनफिल्डजवळच्या पबमधली पहिली बिअर मला चक्क स्वातंत्र्यासारखी लागली. अनोळखी म्हातारे गळ्यात पडून गात होते.

पण मॅचआधी सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. कुणी कुरकुरलं नाही. दंगा झाला तर शेजारच्याला भोगावं लागतं, हे त्यांना माहीत होतं.

मला आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आठवल्या. बंदी असूनही त्यांच्या नवऱ्याला मोहाची मिळतेच. पगार त्या माझ्या आईकडे ठेवायला देतात. मित्रांमध्ये मी नेहमी म्हणायचो, ‘बंदी फेल आहे, उठवा.’ ते अर्धं खरं आहे. पण माझ्या बिअरचं बिल मी भरलं होतं. नवऱ्याच्या दारूचं बिल मावशी भरतात.

बंदी राहावी की जावी, मला अजून ठरवता येत नाही. एवढंच कळलं, की त्या वादात माझी मजा हा पुरावा नाही. विचारायचंच तर आधी मावशींना विचारावं.