काचेआडचा अंधार

मुंग्या पाळणारा नवखा माणूस बहुधा औदार्यामुळेच चुकतो. पंख गाळलेली एखादी राणी हाती लागते आणि तिच्यासाठी तो ऐसपैस, बहुदालनी काचमहाल आणतो. तिला हवी असते अंगापुरती जागा. मुंगळ्यांची राणी मीलनानंतर पंख झाडून टाकते, जमिनीत शिरते आणि आतून दार बुजवून घेते. मग काही आठवडे उपासच. पंखांचे आता निरुपयोगी झालेले स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिल्या अळ्यांना भरवते. म्हणून जाणकार तिला साध्या परीक्षानळीत ठेवतात: तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, तोंडाशी दुसरा बोळा, आणि नळी कपाटात. उत्सुकतेपोटी ती सारखी उचलून पाहिली, तर बिथरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते.

वस्ती वाढल्यावरही मोठ्या घराची घाई नको. रिकाम्या दालनात मुंग्या खरकटं आणि मृत सोबतिणी नेऊन टाकतात. तिथे बुरशी धरते. शिवाय घराला सगळीकडे एकसारखी ओल चालत नाही. अंडी आणि लहान अळ्या दमट कोपऱ्यात, कोष कोरड्या जागी, अशी हलवाहलव अखंड चालू असते. शार्ल जाने या फ्रेंच अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टरची घरटी केली. एका टोकाला पाणी ठेवलं, की ओल झिरपत दुसऱ्या टोकापर्यंत विरळ होत जाई. किती दमटपणा बरा, हे त्याने स्वतः ठरवलंच नाही. मला यात शिष्टाचार दिसतो.

कारण घर पारखण्याची अक्कल मुंग्यांकडे आहेच. खडकाच्या फटीत राहणाऱ्या टेम्नोथोरॅक्स या चिमुकल्या मुंग्यांमधली टेहळणी करणारी मुंगी नव्या पोकळीत दोनदा फिरते. दुसऱ्या फेरीत आपलीच पहिली गंधरेषा किती वेळा ओलांडावी लागली, यावरून ती क्षेत्रफळाचा अंदाज घेते, असं मॅलन आणि फ्रँक्स या संशोधकांनी 2000 साली मांडलं. रेघांवर टाकलेली सुई रेघ किती वेळा ओलांडेल, असा जो प्रश्न अठराव्या शतकात गणितज्ञ ब्युफाँने घातला, त्याच जातीचं हे गणित. पसंत पडलेल्या जागी पुरेशा सोबतिणी जमल्या, की बाकीच्यांना उचलून आणायला सुरुवात होते. अंधारी पोकळी आणि अरुंद दार त्यांना विशेष आवडतं.

आणि आपण त्यांना देतो काच! पाहण्याची हौस आपली, भुर्दंड त्यांचा. जॉन लबक यांनी 1882च्या ग्रंथात दाखवलं, की अतिनील किरण पडताच मुंग्या कोष उचलून दूर नेतात, लाल उजेडाची मात्र फारशी फिकीर करत नाहीत. आज घरट्यावर लावला जाणारा लाल कागद म्हणजे आपली हौस आणि त्यांचा अंधार यांच्यातली तडजोड. अमेरिकेत 1956 साली मिल्टन लेव्हिन यांनी बाजारात आणलेल्या ‘अँट फार्म’मध्ये तडजोडही नव्हती: पारदर्शक भिंतींमध्ये वाळू, प्लास्टिकचं खेड्याचं दृश्य, आणि राणी नाहीच. दिसायला सगळं दिसे, पण वाढवायला पिल्लं नव्हती. कामकरी मुंग्या काही महिन्यांत संपून जात. याउलट लबक यांचं घरटं म्हणजे दोन काचा, मध्ये मातीचा पातळ थर, वर झाकण. निरीक्षणापुरतंच ते झाकण उघडायचं. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ 15 वर्षं जगली.