हजेरीपटावरील मूल

शाळेत आलेले मूल शाळेत असतेच, असा आम्हां मास्तरांचा एक सोयीस्कर समज आहे. हजेरीपटावर खूण केली की मन निश्चिंत होते. पण ज्याला कमी ऐकू येते, ज्याला अक्षरे ओळखूनही शब्द जुळत नाहीत, असे मूल मागच्या बाकावर वर्षानुवर्षे ‘हजर’ राहते आणि एके दिवशी येईनासे होते. त्याने शाळा सोडली, असे आपण म्हणतो. वास्तविक शाळेने त्याला कधीच सोडलेले असते.

दिवाळीच्या सुमारास माळेगाव बुद्रुकच्या साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर येतो. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि पुढचे काही महिने कोपीत संसार मांडतात. धडधाकट मुलाचीच शाळा येथे तुटते. मग कमी ऐकणाऱ्याची काय कथा? धाकटे भावंड सांभाळायला तो बरा, एवढीच त्याची किंमत उरते.

कायदा मात्र उणा नाही. 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देऊ केले. पण कायदा मुलाला दारापर्यंत आणतो. आत कोण घेणार?

येथे एक आक्षेप निघतो. चाळीसांच्या वर्गात एकासाठी थांबणे, हा एकोणचाळीसांवर अन्याय नव्हे काय? आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वेळ खरोखरच जातो. परंतु मास्तराने फळ्याकडे तोंड करून बोलणे सोडले, एका वेळी एकच सूचना दिली, तर लाभ साऱ्या वर्गाचा होतो. आणि जेथे तो होत नाही, तेथेही ती मुले काही शिकतच असतात. मागे पडलेल्याला टाकून पुढे जायचे असते, हा धडा कोणत्याही पुस्तकात नाही. तरी वर्ग तो रोज शिकवू शकतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येईना, तेव्हा शाळाच कुरणात गेली. प्रत्येक मास्तराला कोपीपर्यंत जाणे जमेलच असे नाही. पण हंगाम संपून टोळी गावाकडे निघेल, तेव्हा त्या मुलाबरोबर पुढच्या मास्तरासाठी एक चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? ‘याला उजव्या कानाने ऐकू येते. पुढे बसवावे. चित्रे सुरेख काढतो.’

एवढे लिहायचे, तर आधी त्या मुलाकडे नीट पाहिलेले असावे लागते.